आखूड स्केलचा बेस आणि जॅक ब्रूस: काही महिन्यांच्या वापरानंतर

गिब्सन कंपनीने १९६१ साली बाजारात आणलेल्या ईबी-३ या बेस गिटारच्या धर्तीवर बनवलेले एक वाद्य गेल्या पावसाळ्यापासून माझ्या वापरात आहे. ते मूळ कंपनीचे नाही. एका लहान निर्मात्याने काढलेली ती परवडणाऱ्या किमतीची प्रतिकृती आहे, त्यामुळे पुढे सांगितलेल्या उणिवांपैकी काही मूळ घडणीतून आलेल्या आहेत, तर काही निव्वळ स्वस्ताईतून. हे वाद्य घेण्याचे कारण एकच होते. १९६७ आणि १९६८ या दोन वर्षांत ब्रिटिश बेसवादक आणि गायक जॅक ब्रूस यांनी क्रीम या रॉक त्रयीसाठी जे वाजवले, ते नेहमीच्या ३४ इंची बेसवर बसवताना स्वर सगळे येत होते, पण त्या स्वरांचे वळण काही केल्या येत नव्हते.

फरकाचे मूळ लांबीत आहे. ईबी-३ची स्केल, म्हणजे नटपासून (मानेच्या टोकाची पट्टी) ब्रिजपर्यंत (शरीरावरची तारांची टेकण) तारेचा जो भाग कंप पावतो त्याची लांबी, साधारण साडेतीस इंच असते. तार आखूड असल्यामुळे त्याच स्वरासाठी तिच्यावर ताण कमी द्यावा लागतो, आणि ताण कमी असल्यामुळे ती बोटाने बाजूला ओढून स्वर चढवता येतो. लांब बेसवर जिथे अर्ध्या स्वराची मींड काढतानाही मनगट दुखते, तिथे या वाद्यावर पूर्ण स्वराची मींड गिटारच्या सहजतेने निघते. ब्रूस यांच्या वादनात स्वर ओढून धरण्याच्या, खालून हळूच वर नेण्याच्या ज्या जागा आहेत, त्या मला पहिल्या काही आठवड्यांतच सापडू लागल्या. या एका गोष्टीसाठी वाद्याला पूर्ण गुण द्यायला हवेत.

मात्र त्या जागा ब्रूस यांना केवळ वाद्याने दिल्या असे म्हणता येत नाही. १४ मे १९४३ रोजी ग्लासगोजवळच्या बिशपब्रिग्ज येथे जन्मलेल्या या माणसाचे शिक्षण चेलोचे होते. ग्लासगोच्या रॉयल स्कॉटिश अकॅडमीत ते शिष्यवृत्तीवर चेलो आणि संगीतरचना शिकत होते. त्याच वेळी पोटापाण्यासाठी जॅझ वाद्यवृंदात वाजवत होते, आणि हे अकॅडमीतल्या मंडळींना मंजूर नसल्यामुळे त्यांनी शिक्षण अर्धवट सोडले. १९६२ साली लंडनमध्ये अ‍ॅलेक्सिस कॉर्नर यांच्या ब्लूज इनकॉर्पोरेटेड या गटात ते आले ते उभा डबल बेस घेऊन. चेलो आणि डबल बेस या दोन्ही वाद्यांना पडदे नसतात, दोन्हींवर स्वर कानाने शोधावा लागतो आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे त्यांच्या स्वभावातच असते. पडदे असलेल्या विजेच्या बेसवर आल्यावर ब्रूस यांनी ही सवय टाकली नाही. तिला वाव देणारे वाद्य त्यांनी शोधले, असे मला वाजवताना वारंवार जाणवते.

त्यानंतरचा काही काळ धावपळीचा होता. ग्रॅहम बाँड यांच्या वाद्यवृंदात ड्रमर जिंजर बेकर आणि गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन त्यांच्या बरोबर होते. (झाकिर हुसेन यांच्याबरोबरच्या शक्ती या गटामुळे आपल्याकडे परिचित असलेले मॅकलॉफ्लिन ते हेच.) बेकर आणि ब्रूस यांचे हाडवैर तिथलेच, आणि १९६५ मध्ये बेकर यांनीच ब्रूस यांना बाहेर काढले. मग थोडा काळ जॉन मेयॉल यांच्याकडे, थोडा काळ मॅनफ्रेड मॅन यांच्याकडे असे करत १९६६ साली ते पुन्हा बेकर यांच्याच शेजारी येऊन उभे राहिले, कारण बेकर क्रीम हा नवा गट काढत असताना ब्रूसच हवेत असा आग्रह गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी धरला होता. क्रीमच्या सुरुवातीच्या दिवसांत ब्रूस यांच्या हातात फेंडरचा सहा तारांचा बेस होता. ईबी-३ त्यानंतर आला.

आता तक्रारी. या घडणीचे शरीर हलके आणि मान तुलनेने जड असते, शिवाय पट्ट्याची खुंटी अशा ठिकाणी असते की हात सोडला की मान खाली झुकते. डाव्या हाताचे अर्धे बळ वाद्य सावरण्यातच जाते. रुंद, खरखरीत चामड्याचा पट्टा घेतल्यावर हा त्रास बराच कमी झाला, पण संपला नाही. दुसरी तक्रार पावसाळ्याची: जून ते सप्टेंबर मान इतकी वाकत राहिली की ती सरळ ठेवणारी आतली सळई वरचेवर फिरवावी लागली, आणि चौथ्या तारेवरचे खालचे पडदे अधूनमधून झणझणत राहिले. माझ्या लांब बेसला त्याच खोलीत, त्याच हवेत एवढा उपद्रव झाला नाही, त्यामुळे दोष लाकडाच्या प्रतीचा असावा. तिसरी अडचण तारांची आहे. आखूड स्केलच्या तारा दुकानात सहसा मिळत नाहीत, मागवाव्या लागतात. आणि लांब बेसच्या तारा कापून लावल्या तर त्यांचा जाड भाग खुंटीवर गुंडाळला जातो आणि गुंडाळी सैल पडून तारेचा आवाज मरतो. सपाट गुंडाळीच्या, थोड्या जाड तारा लावल्यापासून सर्वांत खालची तार ढिली वाटणे थांबले.

सर्वांत मोठा प्रश्न आवाजाच्या पोताचा आहे आणि त्यावर थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. या घडणीत दोन पिकअप (तारेचा कंप विजेच्या संकेतात बदलणारे भाग) असतात: मानेला लागून एक अवाढव्य हंबकर (दुहेरी गुंडाळीचा पिकअप) आणि ब्रिजजवळ एक छोटा. त्यांच्यात निवड करायला चार टप्प्यांची फिरकी असते. मानेजवळचा पिकअप खर्जाचा इतका गाळ उपसतो की घरातल्या छोट्या अ‍ॅम्पवर, शेजाऱ्यांचा विचार करून ठेवलेल्या आवाजात, कोणता स्वर वाजला हे नीट कळत नाही. अनेक जण इथेच वाद्य विकून टाकतात. परंतु ब्रूस हे वाद्य शंभर वॅटच्या मार्शल अ‍ॅम्पमधून, आवाज फाटेपर्यंत वाजवत असत. एका भाड्याच्या तालीम खोलीत मोठा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प पुरेसा वर नेल्यावर मला प्रथमच उमगले की तो प्रचंड पिकअप अ‍ॅम्पला अशा टोकाला ढकलतो की खर्ज दाबला जातो आणि मधले स्वर गुरगुरत पुढे येतात. स्वराची आसही त्या वेळी लांबते. घरी मात्र हे होणे नाही. घरासाठी मी मोठा पिकअप तारांपासून जमेल तेवढा खाली केला आहे आणि सराव बहुतेक वेळा छोट्या पिकअपवर करतो.

अभ्यासासाठी मी मुख्यतः क्रीमच्या व्हील्स ऑफ फायर या १९६८च्या दुहेरी अल्बममधली प्रत्यक्ष कार्यक्रमांची बाजू धरली. क्रॉसरोड्स हे रॉबर्ट जॉन्सन यांचे जुने ब्लूज त्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँडमध्ये वाजवलेले आहे. क्लॅप्टन यांच्या सोलोमागे ब्रूस ठेका धरून बसत नाहीत. ते स्वतःची चाल रचत जातात, गिटार वर गेली की खाली उतरतात, ती थांबली की पुढे घुसतात. तिघांत दुसरी गिटार नाही, की-बोर्ड नाही, त्यामुळे मधली सगळी जागा मोकळी आहे आणि ईबी-३चा आवाज नेमका तिथेच बसतो. क्रीमच्याच सनशाइन ऑफ युअर लव्ह या गाण्याची प्रसिद्ध रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी स्वरावली) याच्या अगदी उलट, शिकायला सोपी आहे. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांचा कार्यक्रम ऐकून आल्यावर ब्रूस यांना ती सुचली. षड्जाभोवती घोटाळून पंचमावरून तीव्र मध्यम, मग शुद्ध मध्यम अशी ती उतरते आणि कोमल गंधाराला स्पर्श करून परत षड्जावर येते. ती वाजवता येणे हे एका संध्याकाळचे काम आहे. ती वाजवत असतानाच वर मुख्य गायन करणे, जे ब्रूस सहज करत, ते मला अजूनही जमलेले नाही.

याच घडणीच्या बेसचा दुसरा उपयोग फ्री या गटातल्या अँडी फ्रेझर यांनी दाखवला. १९५२ साली जन्मलेले फ्रेझर पंधराव्या वर्षी मेयॉल यांच्या गटात वाजवत होते. ऑल राइट नाउ या १९७०च्या गाण्यात कडव्यांमध्ये बेस जवळजवळ नाहीच, तो धृपदाला येतो आणि त्यामुळेच त्याचे येणे जाणवते. ब्रूस ऐकून ज्याचा हात सैल सुटला असेल, त्याने फ्रेझर ऐकावेत.

क्रीमचा निरोपाचा कार्यक्रम २६ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला. पुढे ब्रूस ड्रमर टोनी विल्यम्स यांच्या लाइफटाइम या गटात गेले, स्वतःचे अल्बम काढत राहिले आणि उत्तरायुष्यात वॉरविक कंपनीच्या बिनपडद्याच्या बेसकडे वळले. चेलोपासून सुरू झालेला हात शेवटी पडदे नसलेल्या वाद्यावर स्थिरावला, हे मला स्वाभाविक वाटते. २००३ मध्ये यकृताच्या कर्करोगामुळे प्रत्यारोपण झाले, त्यातून ते जेमतेम वाचले, आणि २००५च्या मे महिन्यात त्याच अल्बर्ट हॉलमध्ये क्रीमच्या चार रात्री त्यांनी गाऊन-वाजवून पार पाडल्या. २५ ऑक्टोबर २०१४ रोजी, ७१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तिघांचा गट असेल, तालमीला मोठा आवाज करता येत असेल आणि बेसवर चाल रचण्याची हौस असेल, तर हे वाद्य अवश्य घ्यावे. प्रतिकृती घेताना मान सरळ आहे का आणि सळई दोन्ही बाजूंना फिरते का, हे दुकानातच पाहून घ्यावे. पहिलाच बेस म्हणून मात्र मी ते कोणालाही सुचवणार नाही. आमच्या पाच जणांच्या बँडमध्ये की-बोर्डचा डावा हात आणि हा बेस एकमेकांच्या अंगावर येतात, म्हणून त्या तालमींना मी आजही ३४ इंचीच नेतो.