आठ महिने वापरलेली स्लग लायब्ररी आणि गायब झालेला काना

दारव्ह्याजवळच्या खेड्यात आमच्या काकांचं कृषी केंद्र आहे, बियाणं, खत, औषध, आणि अर्ध्याच्या वर माल उधारीवरच जातो, सोयाबीन निघालं की हिशेब. त्या उधारीसाठी मी जूनमध्ये पायथनात एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि गिऱ्हाईकाच्या नावापासून की, म्हणजे प्रोग्रामनं खातं ओळखायची खूण, बनवायला ही स्लग लायब्ररी घेतली, म्हणजे नावातली फालतू चिन्हं काढून साधा शब्द बनवणारा, दुसऱ्यानं लिहिलेला तयार कोड. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिच्यातली चूक आता दुरुस्त झाली आहे आणि हीच चूक दुसऱ्या लायब्ररीतही असू शकते.

पहिले चार महिने एक तक्रार नाही. जुन्या लॅपटॉपवर झटपट चालते, एकदा इन्स्टॉल केली की नेट लागत नाही, आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाईन गेली की टॉवरपण जातो त्यामुळे हे फार कामाचं. देवनागरी आकडे तर जसेच्या तसे ठेवते, ‘२५’ चं ‘२५’, म्हणून मी धरून चाललो की मराठी हिला समजते.

दिवाळीच्या तोंडावर हिशेब काढून राहिलो होतो तर काका म्हणे, "रमाबाईनं त तीनच बॅगा नेल्या, ह्या सात कुठून आल्या बे?" त्यांची कागदी वही होती म्हणून कळलं, नाहीतर त्या बाईकडून चार बॅगांचे पैसे जास्त घेतले असते आणि ते मला आजही खुपते. राम आणि रमा दोघांची की एकच बनली होती, ‘रम’, म्हणून दोघांच्या बॅगा एकाच खात्यात गेल्या. मग बाकीचे शब्द टाकून पाहिले, मीना आणि मनू दोघंही ‘मन’, कापूस झाला ‘कपस’.

कारण साधं निघालं. लायब्ररी प्रत्येक चिन्हाला विचारते की तू अक्षर आहेस का आकडा, नसेल तर काढून टाकते. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना नंबर देणारी यादी, तिच्या हिशेबात ‘क’ अक्षर आहे, पण काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी ‘मार्क’ आहेत, म्हणून पायथनमधलं अक्षर-आकडा तपासणारं इसॲलनम (isalnum) त्यांना नाही म्हणते. आपल्यासाठी काना गेला म्हणजे शब्दच बदलला.

लायब्ररीवाल्यांना ही चूक कळवली, त्या रिपोर्टमध्ये मी गोष्ट सांगितली नाही, तीन ओळींचा कोड, काय आलं, काय यायला पाहिजे, पायथन आणि लायब्ररीचं व्हर्जन, बस. लायब्ररी सांभाळणाऱ्यानं दोन दिवसात उत्तर दिलं आणि तूच पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, पाठवतोस का विचारलं. पाठवला, सगळे मार्क ठेवले, तर लायब्ररीच्या जुन्या टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का तपासणाऱ्या ओळी, फेल. ही लायब्ररी आधी अक्षरं फोडते, फ्रेंच ‘कॅफे’तल्या शेवटच्या ई वरची खूण वेगळी करते आणि ती टाकून साधा ई ठेवते, माझ्या पॅचनं ती खूणपण राहून गेली. म्हणजे त्यांना जे काढायचं होतं तेच मी वाचवलं. शेवटी फक्त युनिकोडच्या ०३०० ते ०३६एफ ह्या नंबरांच्या पट्ट्यातले मार्क काढायचे, बाकी ठेवायचे, असं केलं, देवनागरी ०९०० पासून पुढं असल्यामुळे सुटली. दोन ओळींची दुरुस्ती आणि सोबत अकरा ओळींच्या टेस्ट, त्यात राम-रमा आहेतच. टेस्ट नसती तर पुढं कोणी कोड साफ करताना काना परत गेला असता.

डिसेंबरपासून नवीन व्हर्जनवर आहे, सगळ्या की परत बनवाव्या लागल्या, दोन रात्री गेल्या. आता रब्बीच्या हरभऱ्याची उधारी बरोबर बसते.

एक गोष्ट अजून बाकी आहे. ‘वऱ्हाड’ मधला ऱ्ह काही कीबोर्ड ‘ऱ’ नं लिहितात, काही र, हलन्त आणि न दिसणारा जोडक घालून, दिसायला दोन्ही सारखे पण की वेगळ्या. वरून तो जोडक काढला जातो, म्हणून दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेल्या ‘दऱ्या’ची की ‘दर्या’ बनते. ह्याचा वेगळा रिपोर्ट टाकला आहे, तोपर्यंत लायब्ररीला नाव द्यायच्या आधी मी माझ्याच कोडमध्ये जोडकवाला र बदलून ‘ऱ’ करून घेतो.