सेनेका लाकडी डाव: जुना बघावा की १९३० च्या दशकातला?

सेनेका हे अमेरिकेतल्या मूळ रहिवासी इरोक्वाय राष्ट्रांपैकी एक. इरोक्वाय, म्हणजे स्वतःच्या भाषेत होडेनोशोनी, लोकांचे कोरीव लाकडी डाव अमेरिकेतल्या संग्रहालयांत दोन तऱ्हेचे भेटतात.

पहिले रोजच्या वापरातले. मेपलच्या खोडावरच्या गाठीतून कोरलेले. गाठीत रेषा वेटोळ्या असतात, त्यामुळे लाकूड सहसा तडकत नाही. दांड्याच्या टोकाला पक्षी, अस्वल, कधी माणूस. टोक वाकवलेलं असल्यानं डाव भांड्याच्या काठाला अडकतो, मक्याच्या सूपात घसरत नाही. शोभा आणि सोय एकाच वळणात! मानववंशशास्त्रज्ञ लुईस हेन्री मॉर्गन यांनी १८४९-५० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यासाठी सेनेका वस्तू जमवल्या, पण १९११ मध्ये राज्याची राजधानी ऑल्बनी इथे लागलेल्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या.

दुसरे न्यूयॉर्क राज्यातल्याच रॉचेस्टर शहरातल्या संग्रहालयाच्या सेनेका कला प्रकल्पातले, १९३५ ते १९४१. संचालक आर्थर पार्कर स्वतः सेनेका वंशाचे. मंदीच्या काळात सरकारी मजुरीवर टोनावांडा आणि कॅटरागस या सेनेका राखीव वस्त्यांतल्या कारागिरांनी सुमारे ५,००० वस्तू घडवल्या. हे डाव संग्रहालयासाठीच केलेले, म्हणून जेवणाच्या खुणा नाहीत. काहींना ते नक्कल वाटतात. मला हा आक्षेप पटत नाही. जुन्या डावाच्या नोंदीत बहुधा फक्त गोळा करणाऱ्याचं नाव असतं. इथे मात्र जेसी कॉर्नप्लँटरसारखे कारागीर नावानिशी ओळखता येतात.

हाताळणीनं गुळगुळीत झालेला दांडा बघायचा तर जुनाच डाव गाठा. कोणी कोरला हे विचारायचं असेल, तर रॉचेस्टर.