आठशे रुपयांचा स्कॅनर आणि चौदाशेचं आयडलिंग: आठ महिने वापरल्यानंतर

आधीच सांगतो, हा डबा बाइक ट्यून करत नाही. जूनमध्ये घेतला तेव्हा मलाही वाटलं होतं की फोनवर बोट फिरवून पेट्रोल कमी-जास्त करता येईल. छे. तो फक्त ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, काय म्हणतोय ते वाचून दाखवतो. तरीही पैसे वसूल झाले, आणि ते एका स्क्रूमुळे.

गाडी २०२१ची, दोनशे सीसी, सिंगल सिलिंडर, लिक्विड कूल्ड, बीएस-६. स्कॅनर ईएलएम ३२७ (त्यातल्या चिपचं नाव) जातीचा, बिनब्रँडचा, ब्लूटूथवाला. त्याचा सॉकेट कारचा, १६ पिनांचा. माझ्या गाडीत सीटखाली मिळतो तो लाल, ६ पिनांचा कनेक्टर. मधली वायर वेगळी घ्यावी लागते. त्यासाठी पुण्यात नाना पेठेत अर्धा शनिवार घालवला. तिघांनी कारच्या दुकानाकडे पिटाळलं, चौथ्याने मान वर न करता ‘संपली’ म्हणून सांगितलं. शेवटी ऑनलाइन मागवली.

पहिल्याच आठवड्यात एक शहाणपण सुचलं. गाडी ठणठणीत असताना सगळे आकडे वहीत उतरवून ठेवले. इंजिन गरम झाल्यावर आयडलिंग (मूठ सोडून गाडी उभी असतानाचे इंजिनाचे फेरे) मिनिटाला १४०० ते १४५०, थ्रॉटल (मुठीने उघडणारी हवेची झडप) सोडल्यावर ० टक्के, ऑक्सिजन सेन्सर (धुरात उरलेला ऑक्सिजन ओळखणारा) ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये झोके घेतोय. नवीन घेणाऱ्याने आधी हे करावं. गाडी बिघडल्यावर आकडे बघून काही कळत नाही, कारण चांगले आकडे कुठले तेच माहीत नसतं.

ऑगस्टमध्ये गाडी सिग्नलला बंद पडायला लागली. सकाळी ठीक, पण नळ स्टॉपला तापून उभी राहिली की हजाराच्या खाली येऊन फुस्स. ओळखीच्या मेकॅनिक काकांकडे नेली. त्यांनी दोन मिनिटं कान लावला आणि म्हणाले, “रेसिंग थोडी वाढवून देतो, जा बिनधास्त.” थ्रॉटल बॉडीवरचा (ती झडप बसवलेल्या नळीवरचा) पिवळा रंग लावलेला स्क्रू अर्धा आटा फिरवला. गाडी सुरेख वाजायला लागली. पैसेही घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून नवंच नाटक. मूठ सोडली तरी काटा १९०० वर लोंबकळत राहायचा. कात्रजचा घाट उतरताना इंजिन ब्रेकिंग (मूठ सोडल्यावर इंजिनच गाडीला आवरतं ते) जवळजवळ गायब, गाडी आपली पुढेच ढकलतेय. स्कॅनर लावला. थ्रॉटल पूर्ण सोडलेला असताना आकडा ० नाही, २.७.

तिथे डोक्यात प्रकाश पडला. जुन्या, कार्बोरेटरच्या गाडीत तो स्क्रू म्हणजे आयडलिंगचाच स्क्रू, आमच्या बाबांनी स्कूटरवर हजार वेळा फिरवला असेल. इंजेक्शनच्या गाडीत तोच स्क्रू बटरफ्लाय, म्हणजे थ्रॉटलची झडप, कुठे टेकते ते ठरवतो, आणि ती जागा ईसीयूसाठी ‘शून्य’ असते. शून्य सरकलं की ईसीयूला वाटतं, स्वाराने मूठ थोडी पिळून धरली आहे. मग तो आयडलिंग स्वतःकडे घेतच नाही आणि उतारावर पेट्रोलही तोडत नाही. आयडलिंग सांभाळायला बाजूने हवा सोडणारा वेगळा व्हॉल्व्ह असतो, त्याचं काम त्यालाच करू द्यायचं.

मूळ दुखणं निघालं काजळीचं. बटरफ्लायच्या कडेला आणि त्या व्हॉल्व्हच्या भोकात काळा, चिकट थर. थ्रॉटल बॉडी क्लीनर थेट आत न फवारता फडक्यावर घेऊन पुसलं, स्क्रू रंगाच्या खुणेवर परत आणला, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या पद्धतीने थ्रॉटलचा सेन्सर रीसेट केला. आकडा ०. काटा १४२०. काकांना दाखवलं तर म्हणाले, “आमच्या वेळी हे नव्हतं.” राग नाही आला. कार्बोरेटर असता तर त्यांचंच बरोबर ठरलं असतं.

गंमत म्हणून एक प्रयोग. इंजिन बंद, चावी चालू, आणि मॅनिफोल्डमधल्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतल्या) दाबाचा आकडा बघायचा. पुण्यात घराखाली ९५ किलोपास्कल. सिंहगडावर पार्किंगमध्ये ८७. वर हवा विरळ, सेन्सरने ते बघितलं आणि इंजेक्टरने तेवढं पेट्रोल कमी केलं. आयडलिंग ढिम्म हललं नाही. बाबांची स्कूटर त्याच घाटात कशी भकभकायची ते अजून आठवतं.

एकदा मात्र उगाच घाबरलो. लाँग टर्म ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली कायमची दुरुस्ती) सतत +४ ते +५ टक्के दिसायला लागला, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा तेवढं जास्त पेट्रोल सोडतोय. हवा गळतेय समजून दोन संध्याकाळी पाइप चाचपले. कारण पंपावर होतं. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे निव्वळ पेट्रोलला १४.७ पट हवा लागते तिथे ई-२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) साडेतेराच्या आसपास पुरते. माझी गाडी ई-१० च्या काळातली, ती बिचारी ट्रिम वाढवून जुळवून घेते. ॲव्हरेज थोडं पडतं, त्यावर स्क्रू हा इलाज नाही.

आता तक्रारी. आकडे सेकंदाला तीन-चारदाच बदलतात, त्यामुळे ऑक्सिजन सेन्सरचा झोका पायऱ्यांसारखा दिसतो. पावसात सीट उघडून बसायचं म्हणजे एका हातात छत्री. इंजिन ८० अंशांवर जाईपर्यंतचे आयडलिंगचे आकडे धरायचे नाहीत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. थंड इंजिनावर १७०० बघून दोनदा सर्व्हिस सेंटरची वेळ घेतली. आणि हा डबा चावी बंद केली तरी जागाच राहतो. दिवाळीत चार दिवस लावून गावाला गेलो, आल्यावर बॅटरी मेलेली, गाडीला किक नाही. कर्वेनगरच्या चढावर भाऊबिजेचे कपडे घालून ढकलली. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पूर्ण बसली की फ्युएल पंपच फिरत नाही, त्यामुळे धक्का मारूनही ती सुरू झाली नाही ते वेगळंच.