निन्जा 400 क्लब रेसिंगसाठी घ्यायची? आधी रूलबुक उघडा

छोट्या सीसीच्या क्लब रेसिंगमध्ये ‘पहिली रेसबाइक कोणती घेऊ?’ असं विचारलं की बहुतेक जण कावासाकी निन्जा 400 सांगतात. उत्तर चुकीचं नाही, अर्धवट आहे. कोणत्या क्लासमध्ये (म्हणजे कोणत्या नियमांच्या गटात) पळवणार हे ठरल्याशिवाय या गाडीचं मोल ठरत नाही.

मशीन म्हणून तक्रारीला जागा थोडी. पॅरलल ट्विन, 399 सीसी, 8,000 आरपीएमला 38 न्यूटन-मीटर टॉर्क. यामाहा आर3 321 सीसीची, तिचा टॉर्क 29.6, तोही 9,000 ला. त्यामुळे कोपऱ्यात गिअर चुकला तरी निन्जा सांभाळून घेते आणि आर3 वाला मागे पडतो. स्लिपर क्लच (झटकन गिअर उतरवला तरी मागचं चाक अडकू न देणारा) कंपनीचाच आहे, तो खर्च वाचतो. कमजोरी सस्पेन्शनची. पुढच्या 41 मिमी फोर्कला कसलंच ॲडजस्टमेंट नाही आणि मागच्या शॉकला फक्त प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची एवढंच. स्वतःच्या वजनाप्रमाणे स्प्रिंग बदला. फोर्कच्या आतला कार्ट्रिज (हालचालीला आवर घालणारा भाग) बदलायला परवानगी आहे का, हे मात्र आधी वाचा, कारण स्टॉक (कंपनीने दिली तशीच गाडी) क्लासमध्ये तिथेच गाडी बाद होते.

आता खरा प्रश्न. क्लासची मर्यादा नुसती ‘400 सीसीपर्यंत’ अशी असेल तर नियम सगळ्यांना सारखा दिसतो, पण ग्रिड (स्टार्टची रांग) हळूहळू एकाच गाडीने भरतो. यावर वजन वाढवण्याचा उपाय सुचवला जातो. हिशोब करून पाहू. निन्जा 168 किलो, आर3 169, रायडर गिअरसकट 85 किलो. आर3 च्या 42 पीएसला (पीएस म्हणजे हॉर्सपॉवरसारखं पॉवरचं माप) दर पीएसमागे साधारण 6 किलो पडतात. तेच प्रमाण निन्जावर आणायला किती वजन लादावं लागेल? कंपनीचा पॉवरचा आकडा बाजारानुसार 45 ते 49 पीएस आहे. 45 धरले तर 19 किलो, 49 धरले तर 43! म्हणजे ब्रोशरवरून बॅलन्स ठरवणं हाच मुळात विनोद आहे. शिवाय बॅलास्टचा (लादलेल्या वजनाचा) भार टायर आणि ब्रेकवरही येतो. फायदा सरळ रस्त्यावरचा, शिक्षा कोपऱ्यात.

म्हणून आरपीएम मर्यादा किंवा रिस्ट्रिक्टर (इंजिनात जाणारी हवा रोखणारा भाग) बरा. अर्थात तोही रामबाण नाही. 2018 च्या सुपरस्पोर्ट 300 जागतिक मालिकेत निन्जा 400 चंच वजन वाढवलं, आरपीएम उतरवले, तरी स्पेनची रायडर आना कारास्को तिच्यावरच चॅम्पियन झाली. फरक होता एका गुणाचा.

डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) पॉवर मोजणाऱ्या क्लासमध्ये तीन गोष्टी विचारा: डायनो कोणता, करेक्शन (हवामानानुसार आकड्यात केलेली दुरुस्ती) कोणतं आणि मोजणी कधी. एसटीडी आणि एसएई ही त्याची दोन मानकं, त्यातलं एसटीडी करेक्शन एसएईपेक्षा सुमारे 4 टक्के जास्त दाखवतं, म्हणजे 45 पीएसला जवळजवळ दोन पीएस. मोजणी फक्त रेसआधी असेल तर ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) कमी आणि जास्त पॉवरचे दोन मॅप ठेवणारे निघतातच. रेस संपताच पार्क फर्मेतून (रेसनंतर गाड्यांना हात लावता येत नाही त्या जागेतून) गाडी थेट डायनोवर गेली पाहिजे.

सेकंड हँड घेताना एक तपासणी चुकवू नका. 2024 ला आलेल्या निन्जा 500 चा बोअर (सिलिंडरचा व्यास) तोच 70 मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा वरखाली प्रवास) मात्र 51.8 ऐवजी 58.6, म्हणजे 451 सीसी. इंजिन बदललेलं असेल तर तुम्ही नकळत अपात्र ठरता. स्पार्क प्लग काढा, भोकातून सरळ दांडी पिस्टनवर टेकवा, मागचं चाक हळू फिरवून सर्वात वरची आणि खालची खूण घ्या. जवळपास सात मिमीचा फरक साध्या पट्टीनेही कळतो.

स्क्रुटिनीत (रेसआधीच्या तांत्रिक तपासणीत) गाड्या परत जातात त्या किरकोळ कारणांनी. ऑइल ड्रेन बोल्ट, फिल्टर आणि फिलर कॅपला लॉकवायर (सैल होऊ नये म्हणून बांधलेली तार) हवी. बेली पॅनमध्ये (इंजिनखालच्या आवरणात) सांडलेलं ऑइल मावलं पाहिजे, म्हणजे पॅनला उघडी भोकं नकोत. कूलंटऐवजी साधं पाणी, कारण कूलंटमधलं ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं की वाळत नाही.

गिअरिंग बहुतेक ठिकाणी मोकळं असतं. पुढच्या स्प्रॉकेटचा (चेनच्या दातेरी चाकाचा) एक दात म्हणजे मागचे साधारण तीन, त्यामुळे बारीक बदल मागेच करा. रेव्ह लिमिट (इंजिनच्या आरपीएमची कमाल मर्यादा) वाढवण्याचा मोह मात्र टाळा. 12,000 चे 13,000 केले की पिस्टन-रॉडचा ताण 17 टक्क्यांनी वाढतो आणि बिल बेअरिंगच्या नावाने येतं.

सीसीच्या क्लाससाठी निन्जा डोळे मिटून विकत घ्या. पॉवर-वजनाच्या क्लाससाठी स्वस्तातली, नीट सस्पेन्शन केलेली आर3 पाहा आणि उरलेले पैसे टायरला ठेवा.