रोबॉटने ऑन्टॉलॉजीतून आपल्यापुरता भाग काढताना: आठ महिन्यांचा अनुभव

ज्वारीच्या चाचणी-प्लॉटवरच्या नोंदींना एकच शब्दावली हवी होती, म्हणून प्लांट ऑन्टॉलॉजी घेतली. ऑन्टॉलॉजी म्हणजे संज्ञा आणि त्यांच्यातले संबंध संगणकाला समजतील असे मांडलेली शब्दावली; ही वनस्पतींच्या भागांची. आम्हाला लागणाऱ्या संज्ञा साठेक. अख्खी फाइल प्रोटेजे या ऑन्टॉलॉजी-संपादकात उघडली की शेवाळं, नेचे सगळंच समोर यायचं आणि नोंदी भरणारी मुलं गांगरून जायची. रोबॉट (ROBOT) या ऑन्टॉलॉजी हाताळायच्या कमांड-लाइन साधनाची एक्स्ट्रॅक्ट कमांड वापरायला लागलो ती यासाठी. संज्ञांची यादी द्यायची, पद्धत निवडायची, आउल (OWL) या ऑन्टॉलॉजीच्या भाषेतली छोटी फाइल हातात येते.

सुरुवातीला मिरिऑट (MIREOT) पद्धत निवडली, कारण फाइल अगदी सुटसुटीत निघते. पण ती फक्त उतरंड आणि नावं उचलते. पर्णपत्र (पानाचं पसरट पातं) हा पानाचा भाग आहे, हा संबंधच गळाला. 'पानाच्या सर्व भागांवरचे ठिपके दाखव' असं विचारलं तर उत्तर रिकामं!

मग रोबॉटच्याच बॉट (BOT) पद्धतीकडे वळलो. यादीत नुसतं 'पान' लिहिलं, तरी पर्णपत्र आलं नाही. दोन दिवस डोकं खाजवल्यावर उमगलं: बॉट वर चढते, खाली उतरत नाही. यादीत पर्णपत्र लिहा, ते 'पानाचा भाग' हे विधान आणि पान दोन्ही घेऊन येतं. उलट होत नाही. स्टॅनफर्डच्या नताल्या नॉय आणि मार्क मुसेन यांनी २००४ मध्ये मांडलेल्या ट्रॅव्हर्सल व्ह्यूमध्ये इथून निघ, या संबंधावरून इतकी पावलं चाल, असं सांगता येतं. मला नेमकं तेच हवं होतं. पण नुसत्या चालण्यातून मिळालेल्या भागात तर्काची हमी नसते. बॉटमध्ये ती असते: यादीतल्या संज्ञांविषयी मूळ ऑन्टॉलॉजीतून जो निष्कर्ष निघतो, तो छोट्या भागातूनही निघतोच. शेतातल्या नोंदींवर पुढे कोणी निर्णय घेणार असेल तर मला ही हमी सोडवत नाही.

आता त्या चालण्याची आणि बॉटची सांगड घातली आहे. आधी स्पार्कल (SPARQL) या प्रश्नभाषेतल्या क्वेरीने पानाचे भाग गोळा करून यादीत टाकतो, मग बॉट चालवतो, शेवटी एल्क (ELK) या रीझनरने, म्हणजे विधानांवरून निष्कर्ष काढणाऱ्या प्रोग्रॅमने, तपासतो. मराठी नावं वेगळ्या फाइलीत ठेवून मागाहून मर्ज करतो. मूळची नवी आवृत्ती आली की सगळं मेकफाइलमधून (पायऱ्या ओळीने लिहून ठेवलेल्या फाइलीतून) पुन्हा काढायचं. ओळखक्रमांक तेच राहतात, त्यामुळे 'देठ', 'कणीस' जागच्या जागी बसतात. एखादी संज्ञा बाद झाली असेल तर मात्र यादी हाताने दुरुस्त करावी लागते, ते विसरू नका.

केबी (ChEBI) या रासायनिक ऑन्टॉलॉजीवर हाच प्रयोग केला, तेव्हा लॅपटॉपवर जावाची मेमरी संपली. रोबॉट-जावा-आर्ग्ज (ROBOT_JAVA_ARGS) व्हेरिएबलमध्ये मर्यादा वाढवल्यावर काम झालं. सोळा जीबी रॅमखाली या वाटेला जाऊ नये, असं माझं मत. नोंदी भरणाऱ्या मुलांसमोर आता एका स्क्रीनवर मावेल एवढीच उतरंड असते आणि 'पान' उघडलं की त्याखाली पर्णपत्र दिसतं.