पेपर, तोंडी तपासणी की रोजची चिठ्ठी? तिसरी-चौथीच्या वर्गासाठी काय निवडावं

तिसरी-चौथीचा जोडवर्ग हातात आला की पहिला प्रश्न पडतो तो हा: कोणाला कुठून शिकवायला घ्यायचं? हे ठरवायच्या तीन वाटा मी वापरल्या आहेत. लेखी चाचणी, एकेका मुलाला जवळ बसवून तोंडी तपासणी आणि रोजच्या कामावरून ठेवलेली नोंद. द्विशिक्षकी शाळेत तिन्हींना सारखा वेळ देता येत नाही, म्हणून निवड करावीच लागते.

पेपर सगळ्यात स्वस्त. पट २८ असला तरी तासाभरात चाचणी होते, एका संध्याकाळी तपासून होते. पायाभूत (वर्षाच्या सुरुवातीची) आणि संकलित (सत्राच्या शेवटची) चाचण्या घ्याव्या लागतातच, तेव्हा हा मार्ग सुटणारही नाही. चूक होते ती पुढे. गुणांची बेरीज करून रकाना भरला की आपण पेपरांचा गठ्ठा बांधून ठेवतो. २० पैकी ११ या आकड्यावरून उद्याचा तास ठरत नाही. ४३ − १७ हे एकच उदाहरण घ्या. एक मूल ३४ लिहितं, दुसरं ३६, तिसरं ६०. गुण तिघांनाही शून्य. पण पहिल्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केला आहे, दुसऱ्याने हातचा घेतला पण दशक कमी केला नाही, तिसऱ्याने चक्क बेरीज केली आहे. तिघांना तीन वेगळ्या गोष्टी शिकवायला हव्यात. म्हणून तक्ता करताना फुली मारू नका, मुलाने लिहिलेलं उत्तरच तिथे उतरवा. पेपरचा खरा उपयोग तिथून सुरू होतो.

तरीही पेपर एका जागी हमखास फसवतो. शाब्दिक उदाहरण सुटलं नाही म्हणून आपण मुलाला गणितात कच्चं ठरवतो, आणि त्याला मुळात ते उदाहरण वाचताच आलेलं नसतं.

हे तोंडी तपासणीत पाच मिनिटांत कळतं. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या पाहणीत २००५पासून वापरली जाणारी पद्धत वर्गातही चालते. सोप्या परिच्छेदापासून सुरुवात करायची. जमला तर गोष्ट द्यायची, अडलं तर शब्द, तेही अडले तर अक्षरं. पाचपैकी चार शब्द बरोबर आले की शब्दाची पायरी गाठली. त्यानंतर गणिताचं एक उदाहरण सोडवायला देऊन विचारा, “कसं केलंस, सांग बरं.” ‘त्रेचाळीस’ ऐकून ३४ लिहिणारं मूल इथेच सापडतं. आपल्या संख्यानामांत एकक आधी बोलला जातो, त्यामुळे ही चूक ऐकण्यातून आलेली असते, वजाबाकीतून नव्हे. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘त्रेचाळीस’सोबत ‘चाळीस तीन’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा बराच वाद झाला, पण त्यामागची अडचण खरी होती.

स्तर पाहून गट करून शिकवण्याचा फायदा तपासलेलाही आहे. मुंबई आणि वडोदरा इथल्या बालसखी उपक्रमात तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या मुलांना दिवसातला काही वेळ वेगळं शिकवलं गेलं आणि त्यांची प्रगती झाली. हा अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९मध्ये नोबेल मिळालं.

या तपासणीची किंमत वेळेत मोजावी लागते. २८ मुलं, प्रत्येकी पाच मिनिटं म्हणजे १४० मिनिटं; मी ती चार दिवसांत वाटून घेते. अपूर्णांक, मापन यांबद्दल ती काही सांगत नाही. घरी पावरी किंवा अहिराणी बोलणारं मूल पहिल्या दिवशी गप्प बसलं तर त्याला ‘प्रारंभिक’ (अक्षरंही न येणारं) लिहून मोकळं होऊ नका. दोन दिवसांनी पुन्हा विचारा. आणि गट महिन्याला बदलला नाही तर तो मुलावरचा शिक्का होतो. याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

तिसरी वाट नोंदीची. २०१०च्या शासन निर्णयाने आकारिक (शिकता शिकता होणाऱ्या) मूल्यमापनाच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण दिलं, पण अनेकदा त्या नोंदी सत्राच्या शेवटी एकदम भरल्या जातात. त्यापेक्षा तासाची शेवटची पाच मिनिटं एकच उदाहरण चिठ्ठीवर सोडवून घ्या आणि शाळा सुटण्याआधी चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा: आलं, अर्धवट आलं, नाही आलं. एवढं पुरतं.

वर्ग नवा असेल तर मी डोळे झाकून तोंडी तपासणी निवडेन. ऊसतोडीहून मार्च-एप्रिलमध्ये परतलेल्या मुलांसाठीही तीच. पहिल्या सत्राच्या गुणांवर त्यांचा काय भरवसा ठेवणार? शहरात ६० चा वर्ग असेल तर आधी पेपर घ्या आणि ज्यांची उत्तरं कोड्यात टाकतात तेवढ्यांनाच जवळ बोलवा. वर्ग ओळखीचा झाला की चिठ्ठ्यांवर या.

आणि तक्त्यात ३६ लिहिणारी पाच मुलं निघाली, तर उद्या पहिल्या तासाला त्यांच्यासमोर काड्यांचे चार गठ्ठे आणि तीन सुट्ट्या काड्या ठेवा. एक गठ्ठा त्यांनाच सोडू द्या आणि मग विचारा, आता गठ्ठे किती उरले?