फास्टस्टोन की डिजिकॅम? घरच्या फोटोंसाठी मी काय निवडलं

पिकासा हे गूगलचं फोटो सांभाळायचं सॉफ्टवेअर 2016 साली बंद झालं, तेव्हापासून त्याच्या जागी काय घ्यावं हा प्रश्न बऱ्याच जणांचा अजून सुटलेला नाही. मी फास्टस्टोन आणि डिजिकॅम हे फोटोंचे दोन्ही प्रोग्रॅम भरपूर वापरलेत. घरगुती वापराला दोन्ही फुकट आहेत, त्यामुळे पैशांचा विचार बाजूला ठेवता येतो.

नुसते फोटो बघायचे असतील तर फास्टस्टोनचा हात धरणारं मला तरी दुसरं सापडलेलं नाही. फोल्डर उघडलं की फोटो समोर. पूर्ण स्क्रीनवर फक्त फोटो दिसतो, माउस कडेला नेला की मेनू बाहेर सरकतो. एकाच क्षणाचे चार फोटो शेजारी शेजारी लावून सगळ्यांवर एकदम झूम करता येतं, म्हणजे कुणाचे डोळे मिटलेत ते लगेच कळतं. नको असलेले फोटो काढून टाकायची छाटणी मी अजूनही यातच करतो. मात्र ते फक्त विंडोजवर चालतं.

डिजिकॅम त्या मानाने जड. पहिल्यांदा सुरू केलं की सगळे फोल्डर वाचत बसतं. माझ्या जुन्या मशीनवर त्यात एक अख्खी रात्र गेली. मेनूही इतके की सुरुवातीला गोंधळायला होतं. तुमचं मशीन नवं असेल तर कदाचित इतका त्रास होणार नाही.

तरी माझा कल डिजिकॅमकडे आहे. याआधी मी तिसराच एक प्रोग्रॅम वापरत होतो. आत्याला शेजारी बसवून जुन्या, स्कॅन केलेल्या फोटोंवर नावं घातली होती. एका फोटोत जिन्यावर सात जण बसलेत. वरच्या पायरीवरची, अर्धा चेहरा सावलीत गेलेली मुलगी कोण, हे फक्त आत्यालाच माहीत होतं. पुढे कॉम्प्युटर बदलला, फोटो नव्या डिस्कवर घेतले, आणि बघतो तर एकाही फोटोवर नाव नाही. प्रोग्रॅमने सगळी नावं स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवली होती, फोटोच्या फाइलमध्ये काहीच उतरलं नव्हतं. जुनी डिस्क तोवर पुसून झाली होती. आता विचारायला आत्याही नाही.

डेटाबेस डिजिकॅमही ठेवतंच. पण सेटिंग्जमध्ये मेटाडेटाच्या (फोटोसोबत साठवलेल्या माहितीच्या) पानावर तसं सांगून ठेवलं, की टॅग (म्हणजे फोटोला लावलेले ओळखीचे शब्द), मथळे, रेटिंग, अगदी चेहऱ्यांची नावंसुद्धा ते फोटोच्या फाइलमध्येच लिहितं. रॉ फाइलला, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेल्या प्रक्रिया न केलेल्या फाइलला, हात लावायचा नसेल तर शेजारी हीच माहिती ठेवणारी वेगळी एक्सएमपी फाइल करून देतं. मी टॅग घातलेले दहाएक फोटो पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या कॉम्प्युटरवर, दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये उघडून पाहिले. टॅग जागच्या जागी होते. त्या दिवशी माझ्यापुरता निर्णय झाला.

चेहरे ओळखण्याचं कामही ते आपल्याच कॉम्प्युटरवर करतं, फोटो बाहेर कुठे जात नाहीत. लहानपणचा आणि मोठेपणचा चेहरा एकाच माणसाचा आहे हे त्याला दर वेळी उमगत नाही, पण नाव सुचवतं आणि आपण फक्त होकार द्यायचा असतो.

तुम्हाला नावं-टॅग यांत पडायचंच नसेल तर खुशाल फास्टस्टोन घ्या. नावं घालणार असाल तर डिजिकॅम बघा, मात्र आधी सगळ्या फोटोंची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढा, कारण ते मूळ फाइलमध्ये लिहितं. आणि पहिला टॅग घालण्याआधीच ते मेटाडेटाचं सेटिंग चालू आहे ना, ते तपासा.